मुलांच्या मूत्राशयाचे अस्तर आणि लघवीचा जंतुसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूत्राशयाला आतून नेमके कसले अस्तर असते?

लघवीची पिशवी म्हणजे मुख्यतः स्नायू. त्या स्नायूच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि संरक्षक पेशी असलेला मऊ जोडऊतींचा थर असतो आणि त्याच्याही आत, थेट लघवीला टेकलेले, पेशींचे पातळ अस्तर. याला युरोथेलियम म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'ट्रांझिशनल एपिथेलियम' हे नाव सापडेल, वस्तू तीच.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तीन प्रकारच्या पेशी दिसतात. तळाशी १० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आकाराच्या लहान पायापेशी, त्यावर मधल्या पेशींचे एक किंवा अनेक थर आणि सर्वांत वर मोठ्या, पसरट छत्रपेशी. पिशवी रिकामी असताना पाच-सात थर मोजता येतात, भरली की दोन-तीनच दिसतात. थर कुठे जात नाहीत. पेशी चपट्या होऊन एकमेकींवरून सरकतात.

छत्रपेशींना एवढे महत्त्व कशासाठी?

अडथळ्याचे जवळजवळ सगळे काम त्या एकाच थराकडे असते. लघवीत युरिया, आम्ल, पोटॅशियम हे सगळे रक्तापेक्षा कितीतरी तीव्र प्रमाणात असते. ते तासन्‌तास पिशवीत राहते, तरी आत झिरपत नाही. त्यामागे तीन गोष्टी आहेत.

पहिली, छत्रपेशींमधले सांधे. शेजारच्या दोन पेशींच्या कडा इतक्या घट्ट बंद असतात की शरीरातल्या सर्वांत कमी गळणाऱ्या अस्तरांत युरोथेलियमची गणना होते. दुसरी, पेशीचा वरचा पापुद्रा. त्यावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या कडक चकत्या बसवलेल्या असतात. जुन्या घरातल्या षटकोनी लाद्यांसारखी त्यांची रचना असते, फक्त एकेक कण १६ नॅनोमीटरचा आणि अशा असंख्य कणांची मिळून एक चकती होते. पेशीचा जवळपास ९० टक्के पृष्ठभाग या चकत्यांनी झाकलेला असतो. न्यूयॉर्कमधल्या तुंग-तिएन सन यांच्या प्रयोगशाळेने ही प्रथिने १९९० च्या दशकात वेगळी करून ओळखली. त्यांचे मुख्य चार प्रकार आहेत : १ए, १बी, २ आणि ३ए. यातला १ए लक्षात ठेवा, जंतूंच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे. तिसरी गोष्ट, या सगळ्यावर पसरलेला शर्करायुक्त रेणूंचा बुळबुळीत लेप.

शिवाय या पेशी ताणल्या जातात. पेशीच्या पोटात चपट्या पुटिका साठवलेल्या असतात आणि त्यांच्या भिंतीतही युरोप्लाकिनच असते. पिशवी भरू लागली की पुटिका वर येऊन पृष्ठभागात मिसळतात आणि पेशीचे क्षेत्रफळ वाढते. रिकामी झाली की तोच पापुद्रा पुन्हा आत ओढला जातो. पूर्ण ताणलेली छत्रपेशी १०० मायक्रॉनहून रुंद होऊ शकते. बऱ्याच छत्रपेशींत दोन केंद्रके असतात. पॅथॉलॉजीच्या अहवालात 'बायन्युक्लिएट' हा शब्द एवढ्यासाठीच आला असेल, तर घाबरू नये.

लहान मुलांचे अस्तर कच्चे असते का?

नाही. तिन्ही प्रकारच्या पेशी आणि युरोप्लाकिनच्या चकत्या जन्माच्या आधीच तयार झालेल्या असतात. मुलांमध्ये वेगळे असते ते बाकीचे. पिशवी लहान असते. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी ढोबळ हिशोब असा : वयात २ मिळवा आणि ३० ने गुणा, तेवढे मिलिलिटर. म्हणजे ४ वर्षांच्या मुलीची पिशवी १८० मिलिलिटरच्या आसपास. मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा असतो. लघवीवरचा ताबा अजून बसत असतो. मूत्रवाहिनी पिशवीच्या भिंतीतून जिथे तिरकी आत येते तो बोगदाही काही मुलांत आखूड असतो. त्याबद्दल पुढे.

वय सातपर्यंत साधारण ८ टक्के मुलींना आणि २ टक्के मुलग्यांना निदान एकदा लघवीचा जंतुसंसर्ग होतो. पहिल्या काही महिन्यांत मात्र उलटे असते, मुलग्यांचे प्रमाण जास्त.

रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स ८-१०' लिहिले आहे. अस्तर सोलून निघते आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तर बहुतेक वेळा साधे असते. त्या पेशी मूत्राशयाच्या नसतातच. लघवीत तीन प्रकारच्या अस्तरपेशी सापडतात.

मोठ्या, पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या आणि मध्ये छोटे केंद्रक असलेल्या पेशी (स्क्वेमस) मूत्रमार्गाच्या टोकाच्या, मुलींमध्ये योनीमुखाच्या किंवा बाहेरच्या त्वचेच्या असतात. त्या जास्त दिसल्या तर एवढेच कळते की नमुना घेताना आजूबाजूचे मिसळले आहे. अशा नमुन्यात पू-पेशी आणि जंतू दिसले तरी ते कुठले हे सांगता येत नाही. तो नमुना टाकून नवा घ्यावा, त्यावरून औषध सुरू करू नये.

गोल किंवा नासपतीच्या आकाराच्या, मधोमध ठळक केंद्रक असलेल्या पेशी (ट्रांझिशनल) युरोथेलियमच्या. दोन-चार दिसणे नेहमीचेच. नळी घालून लघवी काढली असेल तर जास्त दिसतात, कारण नळीच अस्तराला घासते. जंतुसंसर्गातही त्यांची संख्या वाढते.

तिसऱ्या, मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांच्या पेशी. त्या वाढलेल्या असतील तर डॉक्टरांनी जरूर लक्ष द्यावे.

अडचण अशी की अनेक लॅबच्या छापील रिपोर्टात प्रकार लिहीतच नाहीत, नुसते 'एपिथेलियल सेल्स' असते. लॅबमध्ये फोन करून 'स्क्वेमस आहेत का ट्रांझिशनल?' असे विचारा. स्लाइड पाहणारा माणूस एका वाक्यात सांगू शकतो.

लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून का जात नाहीत?

बरेचसे जातात, आणि पिशवीचा तोच मुख्य बचाव आहे. पण मुलांतल्या १० पैकी ८-९ संसर्गांमागे असतो ई. कोलाय. आतड्यातला हा रहिवासी गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रमार्गात चढतो. त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचे प्रथिन. हे प्रथिन मॅनोज या साखरेला पकडते आणि युरोप्लाकिन १ए वर नेमकी तीच साखर टांगलेली असते. म्हणजे जे प्रथिन अस्तराला कणखर बनवते, त्यालाच जंतू धरून बसतो.

गंमत म्हणजे ही पकड ओढ लागली की सैल न होता आणखी घट्ट होते. धार सुरू झाली की फिम-एचचा आकार बदलतो आणि तो मॅनोजला जास्त जोराने धरतो. धार थांबली की पकड ढिली होते आणि जंतू पुढच्या जागी सरकतो.

शरीराकडे याला तोड आहे. मूत्रपिंडात तयार होणारे युरोमोड्युलिन हे प्रथिन लघवीत तरंगत असते. त्यावरही मॅनोज असते, त्यामुळे जंतू अस्तराऐवजी त्यालाच चिकटतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो. पिशवी वेळच्या वेळी पूर्ण रिकामी झाली तरच याचा उपयोग. तळाशी ३०-४० मिलिलिटर लघवी उरत राहिली, तर त्यात जंतू वाढतच राहतात.

जंतू पेशीच्या आत शिरतात हे खरे आहे का?

हो. ताणासाठी ज्या पुटिका पृष्ठभागावर ये-जा करतात, त्यांतल्याच काहींत चिकटलेला जंतू आत ओढला जातो. पेशी काहींना ओळखून परत बाहेर फेकते. जे निसटून पेशीद्रवात जातात ते भराभर वाढतात आणि एकाच छत्रपेशीत त्यांचा दाट पुंजका होतो. हे टप्पे मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून कळले आहेत. जंतुसंसर्ग झालेल्या मुलांच्या लघवीत गळून आलेल्या अस्तरपेशींतही असे पुंजके पाहिले गेले आहेत.

पेशीचा प्रतिकार टोकाचा असतो : ती स्वतःच सुटून लघवीत पडते आणि शेकडो जंतू घेऊन जाते. याची किंमत मोजावी लागते. छत्रपेशी गेली की खालच्या मधल्या पेशी उघड्या पडतात. त्यांच्यात थोडे जंतू शिरून न वाढता, गप्प बसून राहू शकतात. उंदरांमध्ये असे साठे औषधानंतरही टिकलेले आढळले आहेत आणि नंतर त्यांतूनच संसर्ग पुन्हा उफाळला आहे. मुलांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गामागे प्रत्येक वेळी हेच असते असे मात्र नाही. बऱ्याचदा जंतू नव्याने बाहेरूनच येतो, कारण बद्धकोष्ठता किंवा लघवी रोखण्याची सवय तशीच राहिलेली असते.

जळजळ औषधानंतरही दोन-तीन दिवस राहते. औषध लागू पडत नाही का?

अस्तराची दुरुस्ती व्हायला वेळ लागतो. एरवी या पेशींची उलाढाल फार संथ असते, महिनोन्‌महिने त्याच पेशी काम करतात. इजा झाली की पायापेशी आणि मधल्या पेशी काही दिवसांतच नवा थर उभारतात. तोवर तीव्र लघवी उघड्या थरापर्यंत पोचते, तिथल्या मज्जातंतूंना चेतवते आणि मुलाला दर १५-२० मिनिटांनी लागल्यासारखे वाटते.

म्हणून नुसत्या जळजळीवर निर्णय घेऊ नका. ताप ४८ तासांत उतरायला लागायला हवा. उतरला नाही, तर कल्चरचा (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि सोनोग्राफी पाहून औषध बदलावे लागते.

कोर्स किती दिवसांचा?

ताप नसलेल्या, पिशवीपुरत्या संसर्गाला साधारण ३ ते ५ दिवस. ताप असेल तर ७ ते १० दिवस, कधी जास्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत पाच दिवसांत बरे वाटू लागलेल्या मुलांना पुढे पाच दिवस औषध किंवा दिसायला तसेच, पण औषध नसलेले काही दिले. उपचार अपुरे पडण्याचे प्रमाण पूर्ण कोर्समध्ये ०.६ टक्के होते आणि छोट्यात ४.२ टक्के. दोन्ही आकडे लहानच. तरी तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागले म्हणून बाटली कपाटात ठेवण्याचे हे समर्थन नव्हे. कोर्स छोटा करायचा तर तो डॉक्टर ठरवतील.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसे पोचत नाही. त्यामुळे पिशवीच्या संसर्गाला ते चांगले, तापाच्या संसर्गाला नाही. घरात उरलेले औषध परस्पर न देण्याचे हे एक ठोस कारण. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तापाबरोबर संसर्ग असेल तर दाखल करून शिरेतूनच औषध सुरू करतात.

लघवीचा नमुना कसा घ्यायचा?

औषधाचा पहिला डोस देण्याआधी. एका डोसनंतरही कल्चर कोरे येऊ शकते आणि मग पुढचे सगळे अंदाजावर चालते.

लघवी सांगणाऱ्या मुलांचा : साध्या पाण्याने जागा धुवा, डेटॉल किंवा साबण राहू देऊ नका. मुलीला पाय फाकवून बसवा. मुलग्याची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या, जोर लावू नका, लहानपणी ती घट्ट असणे नैसर्गिक आहे. पहिली धार जाऊ द्या, मधली लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. १०-२० मिलिलिटर पुरते. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका.

तान्ह्या बाळाचा : दूध पाजून वीसेक मिनिटांनी जागा धुवा, डबी उघडून तयार ठेवा आणि ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला गॉज गोलगोल फिरवा. मेलबर्नच्या २०१७ च्या चाचणीत असे केल्यावर पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली, नुसती वाट पाहिली तेव्हा १२ टक्क्यांनी. या कामाला दोन माणसे लागतात, एकट्याने धार चुकतेच.

चिकटपट्टीची पिशवी लावून घेतलेला नमुना कल्चरला पाठवू नये, हे आमचे स्पष्ट मत. त्यात त्वचेवरचे आणि विष्ठेतले जंतू हमखास मिसळतात. त्या नमुन्याची साधी तपासणी पूर्ण स्वच्छ आली तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते, एवढाच उपयोग. पॉझिटिव्ह आली तर नळीने पुन्हा नमुना घ्यावाच लागतो. डायपर पिळून घेतलेली लघवी तर कल्चरच्या कामाचीच नाही.

नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. जमत नसेल तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांच्या आत द्या. उबदार जागी ई. कोलाय २०-३० मिनिटांत दुप्पट होतो. मे महिन्यात दुपारी दोन तास पिशवीत फिरलेल्या डबीतले आकडे कुणीही गंभीरपणे घेऊ नयेत.

कल्चरचा कोणता आकडा खरा मानायचा?

मधल्या धारेच्या नमुन्यात एकाच प्रकारचे जंतू मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त. नळीने घेतलेल्यात अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०११ मध्ये ५० हजार ही रेषा धरली, काही ठिकाणी याहून कमी आकडाही मानतात. सुईने थेट पिशवीतून घेतलेल्या लघवीत कितीही वाढ महत्त्वाची. सोबत पू-पेशी हव्यात : फिरवून साका केलेल्या लघवीत सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात ५ पेक्षा जास्त. दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढले असतील तर नमुन्यात भेसळ आहे असे समजा.

मुलाला ताप नाही, जळजळ नाही, आणि सहज केलेल्या कल्चरमध्ये १ लाख आले? बहुतेक मुलांत याला औषध देत नाहीत. ते निरुपद्रवी जंतू मारले की त्यांच्या जागी त्रासदायक येऊ शकतात.

लघवीत बुडवून पाहायच्या पट्टीवर नायट्राइट निगेटिव्ह. मग संसर्ग नाही ना?

तान्ह्या बाळात यावर विसंबू नका. लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करायला जंतूंना पिशवीत सुमारे चार तास हवेत आणि बाळ तासातासाला शू करते. एन्टरोकोकससारखे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. पॉझिटिव्ह आली तर मात्र ती सहसा खरी असते.

सोनोग्राफीत 'पिशवीची भिंत जाड' आले आहे.

आधी विचारा, पिशवी भरलेली होती का? मुलांत भरलेल्या पिशवीची भिंत ३ मिलिमीटरपर्यंत आणि रिकामीची ५ मिलिमीटरपर्यंत साधारण धरतात. ताज्या संसर्गात सूज असल्याने ती काही काळ जाड दिसते. संसर्ग गेल्यावरही जाडच राहिली तर स्नायूवर जास्त जोर पडतो आहे का हे बघतात. मुलग्याची धार बारीक, थेंबथेंब किंवा कुंथून येत असेल तर मूत्रमार्गात धार अडवणाऱ्या जन्मजात पडद्याची शंका लगेच घ्यायला हवी.

दुर्बिणीत अस्तरावर बारीक फोड दिसले. कॅन्सर तर नाही?

वारंवार संसर्ग झालेल्या मुलींत हे दिसते. अस्तरपेशींची बेटे खालच्या थरात उतरतात, त्यांच्या मध्ये पोकळी होते किंवा जवळ लिम्फ पेशींचे गोळे जमतात. नाव सिस्टायटिस सिस्टिका किंवा फॉलिक्युलॅरिस. हा दीर्घ दाहाचा ठसा आहे, कॅन्सर नव्हे. संसर्ग थांबले की महिन्यांनी हळूहळू विरतो.

ताप आला म्हणजे मूत्रपिंडापर्यंत गेले का?

तसे धरूनच उपचार करतात. मूत्रपिंडापर्यंत जाणाऱ्या काही ई. कोलायवर वेगळे, पी नावाचे तंतू असतात आणि ते मूत्रपिंडाच्या अस्तरावरच्या दुसऱ्या साखरेला धरतात. शिवाय तापाचा संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत लघवी पिशवीतून उलटी वर जाते. मूत्रवाहिनीचा भिंतीतला बोगदा तिच्या व्यासाच्या साधारण पाचपट लांब असला तर पिशवी भरताना तो दाबून बंद होतो. आखूड असला तर उघडा राहतो. वाढीबरोबर बोगदा लांबतो, त्यामुळे कमी प्रतीचा उलट प्रवाह अनेकदा आपोआप थांबतो. याच्या १ ते ५ अशा प्रती आहेत.

संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून रोजचे छोट्या मात्रेतले औषध कुणाला द्यायचे, यावर ६०७ मुलांची मोठी अमेरिकन चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, मूत्रपिंडावरच्या व्रणांत मात्र फरक पडला नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना देत नाहीत. व्रण पाहायचा डीएमएसए स्कॅन संसर्गानंतर चार-सहा महिन्यांनी करतात. घाईने केला तर ताजी सूजच व्रणासारखी दिसते.

शाळेतून आल्यावर मुलगी धावत संडासला जाते. याचा संबंध आहे का?

थेट. शाळेतली स्वच्छतागृहे अस्वच्छ, कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि सहा-सात तास रोखतात. जंतूला चिकटायला आणि आत शिरायला तेवढा वेळ भरपूर झाला. दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, जायचे. मधल्या सुट्टीआधी जाऊ द्यावे असे वर्गशिक्षकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगा. तोंडी सांगितलेले आठवडाभरात विसरले जाते.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर ओटीपोटाखालचे स्नायू आवळलेले राहतात आणि पिशवी अर्धवट रिकामी होते. पायाखाली पाट द्या, गुडघे फाकवा, चड्डी घोट्यापर्यंत खाली घ्या. लघवी झाल्यावर उठून, दोन मिनिटांनी पुन्हा बसवा. भारतीय पद्धतीचा संडास यासाठी उत्तमच. धुताना हात पुढून मागे न्यायचा.

आणि पोट. भरलेले मलाशय पिशवीला मागून दाबते. बद्धकोष्ठतेवर उपचार न करता फक्त अँटिबायोटिक बदलत राहिले तर संसर्ग थांबत नाहीत. शौचाला रोज होते एवढ्यावर समाधान मानू नका, खडे पडतात का, चड्डीला डाग लागतो का, तेही विचारा.

'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी देतो. चालेल?

पाणी म्हणून चालेल. पाणी कमी पडून लघवी तीव्र झाली की संसर्ग नसतानाही जळजळते आणि भरपूर पाण्याने ती दिवसभरात थांबते. ताप असेल, लघवीला घाण वास किंवा रक्त असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही जळजळ असेल तर तपासणी करा. लघवीचे आम्ल कमी करणारी सिरप जळजळ हलकी करत असतील, जंतू मारत नाहीत.

डी-मॅनोजची पावडर ऑनलाइन खूप विकली जाते. फिम-एचला खोटी साखर देऊन गुंतवायचे, ही कल्पना ऐकायला छान आहे. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत तिचा फायदा दिसला नाही. मुलांसाठी पैसे घालवू नका. क्रॅनबेरीचा काही मुलांत थोडा उपयोग दिसला आहे, पण बाजारात मिळते ते बहुतेक साखरेचे सरबत.

रात्री डॉक्टरांकडे कधी न्यायचे?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, कारण काही वाटो. कुठल्याही वयात थंडी वाजून ताप, औषधही ओकून पडणे, कमरेत एका बाजूला दुखणे, मूल सुस्त होणे, आठ-दहा तास लघवी न होणे, किंवा मुलग्याला लघवी लागूनही न येणे. यांतले काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका, आणि निघताना जागा धुवून लघवीचा नमुना सहज मिळाला तर डबीत घेऊन निघा. मिळाला नाही तर त्यासाठी थांबू नका.